तीनशे क्विंटलची धोंडाबाई

नाशिक,
६ जानेवारी २०२५

आत्या,

आधी तुझ्या पायावर डोकं, मग बातमी. आणि बातमी अशी आहे की डोकं टेकवून वर उचलायलाही मला दम निघत नाहीये. आमच्या रानधान कंपनीची तिन्ही सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायचं काम मला मिळालं! मदतनीस म्हणून नव्हे गं, मुख्य म्हणून!

तुमच्या केंद्रांवर टॅबमध्ये खरेदी लिहिता ते एक सॉफ्टवेअर. इथे अंबडच्या कारखान्यात साठा आणि दळण सांभाळतं ते दुसरं. दुकानांची बिलं करतं ते तिसरं. तिघी एका घरातल्या, पण वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या जावा. दिवाळीत विक्रीवाल्यांनी पुण्याला नागलीच्या (तिकडे नाचणी म्हणतात) बिस्किटांची मोठी ऑर्डर कबूल केली, कारखाना म्हणाला पीठ नाही, आणि त्याच आठवड्यात तुझ्या केंद्रात नागलीची पोती छताला टेकली होती. आता एका ठिकाणी लिहिलेलं तिन्ही ठिकाणी दिसलं पाहिजे.

मीटिंगमध्ये प्रतिभाताईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, किती दिवस लागतील? माझ्या तोंडातून निघून गेलं, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत देते. हिशेबाचे प्रमुख महेश सर चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले. जमलं तर मी इथे कोणीतरी होईन. नाही जमलं तर पुन्हा सगळ्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढत बसायचं.

तुझ्या टॅबचं चार्जिंग सांभाळ. आणि फोन उचलत जा की गं!

तुझी तृप्ती


करंजपाडा,
११ जानेवारी २०२५

चि. तृप्ती,

मनापासून आशीर्वाद. तुझं पत्र बुधानं जीप थांबायच्या आत खिडकीतून भिरकावलं आणि ओरडला, "बाई, भाचीचं हाय! जाड हाय, म्हंजे खुशीतली हाय!" पाकिटाच्या वजनावरून मजकूर ओळखायला लागलाय तो.

तीन सॉफ्टवेअरची सोयरीक जमवायला निघालीस, स्वतःची कधी जमवणार ते एकदा तुझ्या त्या संगणकालाच विचार. थट्टा राहू दे. मला इतका आनंद झाला की मी आश्रमशाळेतल्यासारखी टाळी वाजवली आणि तोलायला आलेल्या बायका दचकल्या. नोकरी संपून सहा वर्षं झाली, टाळी अजून तशीच वाजते.

फोनचं म्हणशील तर रेंज वरच्या टेकडीवर, आणि माझे गुडघे खालच्या ओट्यावर. इथे फोन म्हणजे बुधा. तो रोज सुरगाण्याला जातो. तिथे पोचला की त्याच्या फोनवर साऱ्या पाड्याचे निरोप येऊन पडतात. संध्याकाळी परत आला की जीपच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं वाचतो. "भागीबाई, पोराला वापीला काम लागलं! नाथा, तुला ब्यांकेत बोलावलंय!" परवा एका मुलीला मुलाकडच्यांनी पसंत केल्याचा निरोप त्यानं चारचौघांत वाचला. लग्न ठरलं, पण मुलगी अजून त्याच्याशी बोलत नाही. म्हणून म्हणते, तू आपलं पत्रच लिही. पाकीट तेवढं तो फोडत नाही.

सोबत नागलीचे पापड पाठवतेय. ऑफिसात वाट, म्हणजे ते महेश सर चष्म्यातून बघतील.

तुझी आत्या


नाशिक,
२८ जानेवारी २०२५

आत्या गं,

जोडलं! जोडलं! जोडलं!

आज सकाळी पुण्याच्या दुकानातून परत आलेला बिस्किटांचा एक पुडा काढला आणि त्याच्यावरचा नंबर संगणकात टाकला. सगळे मागे उभे. आधी बिल आलं, मग भट्टी, मग पिठाचं दळण, मग पोतं, आणि सगळ्यात शेवटी मराठीत, ठळक अक्षरांत, करंजपाडा! मी अशी ओरडले की शेजारच्या स्नेहलचा चहा कीबोर्डवर सांडला. पुण्याच्या दुकानातला पुडा थेट तुझ्या ओट्यापर्यंत चालत गेला, आत्या! मला रडायलाच आलं, मग मी पाणी प्यायला जाते असं सांगून बाहेर गेले.

सगळ्यात छळलं ते नावांनी. एकच बाई चार वेळा माल घेऊन आली की खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार बायका होऊन बसते. मी एक नियम लिहिला आणि एका माणसाच्या साऱ्या नोंदी एकत्र केल्या. माझ्याच डोक्यातून निघालेला नियम आहे, म्हणून जरा मिरवून घेते.

आणि आता खरी गंमत. नोंदी एकत्र झाल्यावर मी सगळ्या केंद्रांची मिळून यादी काढली. पहिली कोण आली असेल? धोंडाबाई गावित, करंजपाडा! दुसरी आलेली पेठकडची बाई तिच्या जवळपासही नाही. प्रतिभाताई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, या बाईंचा सत्कार आपल्या अंगणात, वीस फेब्रुवारीला. त्याच दिवशी पुण्याचे मोठे खरेदीदार येणार आहेत, त्यांच्यासमोर. निमंत्रणपत्रिका छापायलाही गेली.

अशी बाई तुझ्या पाड्यात, आणि तू कधी बोलली नाहीस! तिला घेऊनच ये.

तुझी (आज कोणाचंही न ऐकणारी) तृप्ती


करंजपाडा,
१ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्ती,

शाबास गं पोरी! पत्र मी केंद्रावर सगळ्यांना वाचून दाखवलं, तुझ्या रडण्याचं तेवढं गाळून.

धोंडाबाई पहिली आली याचं मला मुळीच नवल नाही. तिची नागली डोळे मिटून जात्यात घालावी, दाताखाली खडा म्हणून यायचा नाही. वाळवताना ती कोंबडीला अंगणात पाऊल ठेवू देत नाही. मी दर वर्षी सांगायचे की कंपनीनं नुसतं वजन बघू नये, माल बघावा. अखेर तुमच्या संगणकाला पारख आली म्हणायची!

तिला सांगायला मी स्वतः वर तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "मी नाय येनार. मला गाडी लागती." मग बायकांनी तिला घेरलं. कोणी लिंबू देणार, कोणी आल्याचा तुकडा. भागीबाईनं आपलं न नेसलेलं नवं लुगडं काढून दिलं. बुधा जीप धूत होता, मी या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर तुला लिहिलं नसतं. आता धोंडाबाई दिसेल त्याला विचारते, "नाशकात वर चढून काय करायचं असतं?" मी सांगितलं, नारळ घ्यायचा आणि खाली यायचं. तर म्हणते, "नारळ फोडायचा कोनी?"

साऱ्या पाड्याला मुंडावळ्या बांधल्यासारखं झालंय. तुझ्यामुळे गं.

तुझी आत्या


नाशिक,
६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र बुधाभाऊंच्या हातातून घेतलंस की आधी आत जा, मग वाच.

महेश सरांनी यादी नीट तपासली. धोंडाबाईंच्या नावावर या हंगामात तीनशे क्विंटलच्या आसपास नागली आहे. डोंगरउतारावर एका बाईची एवढी नागली होत नाही, हे त्यांना कळतं, मलाही कळायला हवं होतं. मी यादी बघून नाचत बसले. शिवाय तुझ्या केंद्रात सत्तरच्या वर बायका माल देतात असं आपण इतकी वर्षं सांगतो. जोडणीनंतर तिथे नावं उरली पाच. पाच, आत्या.

सर म्हणतात, अर्थ सरळ आहे. धोंडाबाई व्यापारी आहे. पाड्यातली नागली ती गोळा करते आणि आपल्याला घालते, बाकीची नावं केंद्रानं दाखवायला लिहिली. आपल्या पुड्यावर छापलंय, 'पाड्यावरच्या बायकांच्या शेतातून थेट'. हे खोटं ठरलं तर पुणेवाले पाठ फिरवतील. शिवाय पंचवीसपेक्षा कमी नावं असलेलं केंद्र चालवायचं नाही, हा जुनाच नियम आहे. वीस तारखेच्या आत उलगडा झाला नाही तर करंजपाड्याचं केंद्र बंद. मग बायकांना पोती घेऊन सुरगाण्यापर्यंत जावं लागेल.

मी सरांशी भांडले. पण खुर्चीत येऊन बसल्यावर माझ्याच मनात आलं, म्हणून विचारते, रागावू नकोस. ती नावं खरी होती ना? धोंडाबाई दुसऱ्यांचा माल आणते का? काही असेल तर मला आधी सांग, मी काहीतरी करीन.

तृप्ती


करंजपाडा,
९ फेब्रुवारी २०२५

तृप्ती,

आत जाऊन वाचलं. बाहेर वाचलं असतं तरी चाललं असतं, माझ्याकडे लपवायला काही नाही.

महेश सर मला ओळखत नाहीत, त्यांनी विचारलं असतं तर मी नीट उत्तर दिलं असतं. तू विचारलंस. मी तुला पाटीवर 'तृप्ती' लिहायला शिकवलं, आणि तू मला विचारतेस की मी नावं खोटी लिहिते का. 'काही असेल तर सांग' म्हणजे काय गं? काय असणार होतं?

तुझ्या माहितीसाठी लिहिते, तुझ्या साहेबांना दाखव. बाई पोतं घेऊन येते. मी तिला समोर बसवते. नाव विचारते, टॅबमध्ये घालते. घर कुठलं ते घालते. मग ते यंत्र मोबाइल नंबर मागतं, त्याच्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून बुधाचा नंबर घालते. मग तोलते, वजन तिला मोठ्यानं सांगते, ती मान डोलावते, मग लिहिते. सत्तर बायका असतील तर सत्तर वेळा हेच. माझी स्वतःची दोन पोती मी अशीच तोलली, स्वतःला मोठ्यानं वजन सांगून.

धोंडाबाईनं तीन पोती घातली. तीन. व्यापारी म्हणे. तिला तराजूची भीती वाटते, काटा हलला की ती डोळे मिटते.

केंद्र बंद करायचं तर करा. पण इथे येऊन करा. चिमणाबाई सत्तरीची आहे, पोतं डोक्यावर घेऊन सुरगाण्याला कशी जायची ते तिला तूच समजावून सांग. मी सांगणार नाही.

मोहिनी गावित


नाशिक,
११ फेब्रुवारी २०२५

आत्या, आत्या, आत्या!

सापडलं! तुझं पत्र मी ऑफिसचा जिना चढता चढता वाचलं. खाली 'तुझी आत्या' नाही, 'मोहिनी गावित' अशी सही. मग परत वाचलं, आणि 'बुधाचा नंबर घालते' या शब्दांवर अशी थांबले की मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला.

माझा तो मिरवलेला नियम काय होता माहीत आहे? ज्या नोंदींचा मोबाइल नंबर एक, तो माणूस एक. नाव कसंही लिहिलं जातं, पण नंबर प्रत्येकाचा आपापला असतो, असं मी छातीठोकपणे मीटिंगमध्ये सांगितलं होतं. बुधाभाऊंच्या एका नंबरवर तुझा जवळजवळ सारा पाडा होता. संगणकानं सगळ्यांना एकाच बाईत कोंबलं आणि यादीत पहिलं जे नाव होतं ते वर ठेवलं, धोंडाबाई गावित! उरल्या पाच, ही एक धोंडाबाई आणि आणखी चौघी, कारण त्या चौघींच्या मुलांकडे स्वतःचे फोन आहेत. बुधाभाऊ पायरीवर उभे राहून कोणाकोणाचे निरोप वाचतात हे तू मला अकरा जानेवारीलाच लिहिलं होतंस, आणि मी ते वाचून हसून सोडून दिलं.

नियम काढला. बायका एकेक करून बाहेर यायला लागल्या, आत्या. भागीबाई पवार, चिमणाबाई भोये, लंकाबाई गावित... मी मोठ्यानं वाचत होते आणि स्नेहल टाळ्या वाजवत होती. आणि त्यात एक नाव आलं, मोहिनी गावित, दोन पोती. तूसुद्धा त्या धोंडाबाईत होतीस! मी तुझ्यावर संशय घेत होते आणि तुझाच सत्कार ठरवून बसले होते. मला हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

महेश सरांनी केंद्राची चौकशी तिथल्या तिथे थांबवली. मला म्हणाले, "आमच्या घरी चौघा भावांचे गॅस एकाच नंबरवर आहेत. मला सुचायला हवं होतं." प्रतिभाताईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, सत्कार होणार, सगळ्याजणींचा. जीपगाड्या पाठवतेय.

धोंडाबाईंना तूच सांग गं. आणि मला माफ कर. चूक संगणकाची नव्हती, त्याला मी जे सांगितलं ते त्यानं केलं. पण तुला ते पत्र मी लिहिलं, ते कोणी सांगितलं म्हणून नव्हे. त्याची लाज वाटते. तू येशील ना?

तुझी तृप्ती


करंजपाडा,
१४ फेब्रुवारी २०२५

तृप्ती,

पत्र मिळालं. केंद्राची चौकशी थांबली हे बरं झालं.

धोंडाबाईला सांगितलं. मला वाटलं हिरमुसेल. ती म्हणाली, "म्हंजे तुमी साऱ्या माझ्यात व्हत्या?" आणि हसायला जी लागली ती तिला ओट्यावर टेकून बसावं लागलं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला पोटाला हात लावून विचारते, "तू पन हाय का आतमधी?" लुगडं परत द्यायला गेली, भागीबाईनं घेतलं नाही.

बायका येतील. मी येणार नाही. केंद्र उघडं ठेवायला कोणीतरी हवं.

आत्या


नाशिक,
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

काल जे झालं ते मी आजच लिहिते, नाहीतर फुटेन.

अंगणात मांडव, पुणेवाले पुढे, तुझ्या पाड्याच्या बायका उजवीकडे, नटूनथटून. धोंडाबाई शेवटच्या रांगेत, तोंडात लिंबाची फोड, डोळे मिटलेले. घाटात फार हाल झाले त्यांचे. निवेदन स्नेहलकडे होतं, आणि त्या गोंधळात तिच्या हातात जुनाच कागद राहिला. तिनं माइकवर सुंदर आवाजात पुकारलं, "करंजपाड्याच्या श्रीमती धोंडाबाई गावित!"

मी कागद बदलायला धावले. आणि आत्या, सगळ्या उभ्या राहिल्या. एकदम. खुर्च्यांचा तो आवाज अजून कानात आहे. कोणी ठरवलं होतं का मला माहीत नाही. कोणी कोणाकडे बघितलं नाही, हसलं नाही. भागीबाई उभ्या, लंकाबाई उभ्या, चिमणाबाई काठीवर जोर देऊन उभ्या. खरी धोंडाबाई सगळ्यात शेवटी उठली, लिंबू हातात घेऊन.

पुणेवाल्या साहेबांनी गोंधळून विचारलं, "यातल्या धोंडाबाई कोण?" भागीबाई म्हणाल्या, "साऱ्याच." प्रतिभाताई स्टेजवर बसायच्या ऐवजी खाली आल्या आणि त्यांनी एकेकीला नाव विचारून नारळ दिला. तासभर लागला. पुणेवाले घड्याळ न बघता बसले आणि जाताना वर्षभराची ऑर्डर देऊन गेले. महेश सर डोळ्यात काहीतरी गेलं म्हणत चष्मा पुसत होते.

पण मी हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा मी मांडवाच्या मागच्या बाजूला बघितलं. पाण्याच्या पिंपापाशी तूही होतीस. केंद्र बंद करून, शेवटच्या जीपमधून आलेली. चप्पल धुळीनं भरलेली, पदर खोचलेला, आणि सरळ उभी. मी गर्दीतून तिथे येईपर्यंत तू निघून गेली होतीस.

तू उभी राहिलीस, म्हणजे तुझा राग गेला असं मी समजू का?

तृप्ती


करंजपाडा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. तृप्ती,

नाही. राग गेला म्हणून मी उभी राहिले नव्हते. आमचं नाव पुकारलं, म्हणून उभी राहिले.

राग गेला तो परतताना, घाटात. मागे साऱ्याजणी एकाच वेळी बोलत होत्या, धोंडाबाई ओकत होती आणि ओकता ओकता हसत होती. तेवढ्यात रेंज आली आणि बुधाचा फोन वाजला. त्यानं गाडी बाजूला घेतली, वाचलं आणि मागे वळून ओरडला, "कंपनीचा निरोप हाय! करंजपाडा केंद्र चालू राहनार!" जीपमध्ये जो काही आरडाओरडा झाला, त्यात मीही ओरडत होते. ओरडून झाल्यावर बघितलं, तर राग कुठे ठेवलाय ते आठवेना.

शनिवारी ये. नागलीच्या भाकरी करते. आणि येताना मला एक फोन घेऊन ये, साधा चालेल. बुधा म्हणतो, एवढ्या बायकांचा नवरा असल्यासारखं वाटायला लागलंय.

तुझी आत्या